माळ्यावर जुनी इंद्रजाल कॉमिक्स सापडली तर काय करायचं

काकाच्या माळ्यावरून वेताळाच्या (म्हणजे फँटम, कॉमिक्समधला जंगलातला मुखवटेवाला नायक) अंकांचा गठ्ठा निघाला, सुतळीने आवळून बांधलेला, आणि मी घाईत सुतळी ओढली तर वरच्या अंकाच्या कडेचा चुराच झाला. म्हणून आधी हेच, सुतळी ओढू नका, कात्रीने कापा आणि एकेक अंक खालून तळहात घालून उचला. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं नि १९९० ला बंद पडलं, म्हणजे सगळ्यात नवा अंकसुद्धा पस्तिशीचा आहे आणि कागद साधाच, त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडून कडक होतो.

मग पानं मोजा. पिना गंजल्या की मधलं जोडपान आधी सुटतं, आणि वेताळाच्या गोष्टीत एक पान गेलं तरी मजा गेली ना. जंगल पॅट्रोलच्या, म्हणजे गोष्टीतल्या जंगल-पोलिसांच्या, बंद तिजोरीत कमांडरची, म्हणजे वेताळाचीच, चिठ्ठी येते कुठून? भुताटकीच वाटते, पण तिजोरीखालून भुयार आहे, आणि नेमकं ते पानच नसेल तर काय वाचणार! विकत घेताना तर पैसे द्यायच्या आधीच मोजा.

गंजलेली पिन उपटायची नाही, अंक मधोमध उघडून पिनेचे पाय पातळ पट्टीने हळू सरळ करा आणि मग मागून काढा. सेलोटेप अजिबात नको, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन चित्रात उतरतो, मग निघत नाही. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. फाटलं असेल तर जपानी टिश्यू पेपर आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, थोडीशीच.

ठेवायला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या, पीव्हीसीची नको, आणि मागे अॅसिड-फ्री पुठ्ठा. माळा नको, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, आणि ओल आलीच तर उन्हात न टाकता पंख्याखाली सावलीत वाळवा, उन्हाने रंग उडतात.

पण वाचा हं, नुसती जपून ठेवू नका. हात धुऊन, कोरडे करून, टेबलावर, अंक पूर्ण न उलगडता. आमच्याकडे पोरांना सगळ्यात आवडतं ते वेताळ कोट-टोपी-काळा चष्मा घालून गुंडांच्या बारमध्ये शिरतो आणि दूध मागतो ते, तिथे पान हमखास जोरात उलटलं जातं, तेवढं तुम्हीच उलटा.