सोलर घ्यायच्या आधी एक फोन कराच

घरीच सोलर बसवणार असाल तर पैसे भरायच्या आधी कंपनीच्या सपोर्टला एक फोन करा, विचारा की 22 व्होल्ट ओपन सर्किटची (म्हणजे काहीच जोडलेलं नसताना उन्हात एवढा व्होल्टेज देणारी) चार पॅनल सिरीजमध्ये, एकामागे एक जोडली तर थंडीत व्होल्टेज वाढून तुमच्या चार्ज कंट्रोलरची (पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारा डबा) लिमिट ओलांडेल का. "सर चालेल ना" एवढंच उत्तर आलं तर ती कंपनी सोडून द्या. मी सोडलं नाही, इन्व्हर्टर बंद पडल्यावर तीन आठवडे "तिकीट रेझ झालंय" ऐकत बसलो. आता बॉक्स उघडतानाच व्हिडिओ, पॅनलच्या मागच्या स्टिकरचा आणि उन्हात मल्टीमीटरवर दिसणाऱ्या आकड्याचा फोटो काढून ठेवतो, वायरिंग नंतर. फोनवर जे बोलतील ते मेलवर मागा. अगदीच दाद दिली नाही तर 1915, ग्राहक हेल्पलाइन.