होडीच्या फळ्यांचे सांधे भरून व्हार्निश कसे करावे

होडीचं व्हार्निश बहुतेक वेळा सांध्यापासूनच सुटायला लागतं. फळीच्या कडेला आधी पांढुरका डाग दिसतो. तिथे नख घातलं की पापुद्रा उचलला जातो आणि खालचं लाकूड काळं पडलेलं दिसतं. व्हार्निशचा आणखी एक हात मारून हे थांबत नाही, मी दोनदा मारून पाहिलंय. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं. व्हार्निशचा कडक थर तेवढा ताणला जात नाही. म्हणून आधी सांध्यात लवचिक सीलंट, म्हणजे फट बुजवणारा रबरासारखा मसाला भरायचा, मगच व्हार्निश.

इथे फक्त डेकचे आणि पाण्याच्या रेषेच्या वरचे सांधे धरले आहेत. पाण्याखालच्या फळ्या फुगून एकमेकींवर दाबतात. तिथे कडक मसाला ठासला तर आतल्या फासळ्यांवर ताण येतो, त्यामुळे ते काम जाणत्या कारागिरालाच करू द्या.

अरुंद पटाशीने किंवा वाकवलेल्या हुकाने फटीतला जुना मसाला पूर्ण काढा. कडांचे टवके उडवू नका. जुन्या होडीच्या पुट्टीत किंवा रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका आणि चांगला मास्क लावा. मग लाकूड वाळू द्या, घाई इथेच नडते. सागासारखं तेलकट लाकूड असेल तर फटीच्या भिंती अ‍ॅसिटोनने पुसा. सीलंटच्या कंपनीने प्रायमर सांगितला असेल तर तोही लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फटीच्या तळाशी सीलंट न चिकटणारी बारीक पट्टी टाका. सीलंट फक्त दोन बाजूंच्या भिंतींना धरलं पाहिजे. तळालाही चिकटलं, तर फळ्या सरकताना त्याला ताणायला वाव राहत नाही आणि ते फाटतं.

दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा. पॉलिसल्फाइड सीलंट तळापासून वर भरत या, म्हणजे आत हवा अडकत नाही. किंचित उंच ठेवून सुरीने दाबा आणि ओलं असतानाच टेप तिरकी ओढून काढा. सिलिकॉन मात्र वापरू नका. त्याचा अंश राहिला तरी व्हार्निश धरत नाही. सीलंट आतपर्यंत पूर्ण घट्ट व्हायला काही दिवस लागतात. त्यानंतर वरचा भाग फळीच्या पातळीत आणा.

लाकूड आधी 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने, रेषांच्या दिशेनेच घासा. धूळ टिपून घ्या. सांध्यावर फटीपेक्षा किंचित अरुंद टेप लावा. व्हार्निश सीलंटच्या कडेवर केसभर चढलं की पाणी आत शिरायला वाट राहत नाही.

पहिला हात निम्मं व्हार्निश, निम्मं थिनर असा पातळ, म्हणजे तो लाकडात मुरतो. दुसऱ्यात थिनर कमी, पुढचे हात जवळपास घट्ट. डबा हलवू नका, हळू ढवळा, नाहीतर बुडबुडे उठतात. दोन हातांमध्ये 320 नंबरने हलकं घासा. उघड्यावरच्या होडीला सहा ते आठ हात लागतातच. भर उन्हात लावू नका, आणि संध्याकाळचं दव पडायच्या आत थर कोरडा होईल अशी वेळ निवडा.

तेलयुक्त व्हार्निशची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.