सेंट मॅग्नस कॅथेड्रल कसे पाहावे

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरील कर्कवॉल येथील हे कॅथेड्रल (मोठे प्रमुख चर्च) पाहण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: मारल्या गेलेल्या आपल्या मामाच्या, मॅग्नसच्या, स्मरणार्थ अर्ल (बेटांचा सत्ताधारी सरदार) रॉग्नवाल्ड याने ११३७ मध्ये त्याची उभारणी सुरू केली, तेव्हा ही बेटे नॉर्वेच्या अमलाखाली होती आणि ती स्कॉटलंडकडे १४६८ मध्ये आली.

पश्चिमेच्या दारांपाशी मात्र घाई करू नये. तांबड्या आणि पिवळसर वालुकाश्माचे दगड येथे आलटूनपालटून बसवले आहेत, आणि वाऱ्यापावसाने झिजलेले त्यांवरील कोरीवकाम दुरून नव्हे, अगदी जवळून निरखावे.

आत गेल्यावर आधी जाडजूड गोल खांब आणि बाजूच्या भिंतींवर एकमेकींत गुंफलेल्या आंधळ्या, म्हणजे आरपार उघड्या नसलेल्या, कमानी पाहाव्यात. इंग्लंडमधील डरहॅम कॅथेड्रलशी असलेल्या याच साम्यामुळे तेथील गवंड्यांनी येथे काम केले असावे, असे अभ्यासक मानतात, आणि ते मला पटते. मनोऱ्याखाली अर्धवर्तुळाकार कमानींची जागा टोकदार कमानी घेतात. रोमनेस्क शैलीकडून गॉथिककडे झालेला हा बदल शांतपणे न्याहाळावा. त्यापुढे पूर्वेकडील वाढीव भागात खांबही साधे न राहता जुडग्यासारखे होतात.

तेथील मोठे खांब चुकवू नयेत, कारण १९१९ मध्ये त्यांपैकी एका खांबात लाकडी पेटीत मानवी अस्थी सापडल्या, आणि कवटीवरील घावामुळे त्या मॅग्नसच्याच मानल्या जातात. वास्तूची मालकी स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स याने १४८६ च्या सनदेने नगरवासीयांना दिली.