हरभरा पिवळा पडत होता, रायझोबियमने जमलं

ऊस मोडून त्या रानात पहिल्यांदाच हरभरा टाकला होता, महिनाभरात खालची पानं पिवळी. सगळे म्हणले युरिया मार, पण हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात, म्हणून मी आधी खुरप्यानं दोन-चार झाडं मातीसकट काढली (उपटली की गाठी मातीतच राहतात), मुळं धुतली तर गाठी जवळजवळ नाहीतच, ज्या होत्या त्या फोडल्या तर आतून पांढऱ्या. काम करणारी गाठ आतून गुलाबी-लाल असते. म्हणजे रानात हरभऱ्याच्या कामाचे जिवाणूच नव्हते! ते साल युरियावर निभावलं.

पुढच्या पेरणीला १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळलं, सावलीत सुकवलं नि लगेच पेरलं. बुरशीनाशक लावायचं तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. आणि पाकीट हरभऱ्याचंच घ्या, दुकानदार सोयाबीनचं देऊन "सगळं सेमच असतंय" म्हणतो, तसं नसतं भाऊ, दोन्हीचे जिवाणू वेगळे. तारीख पण बघा, उन्हात पडलेलं पाकीट तर नकोच.

यंदा फुलोऱ्याच्या आधी मुळं बघितली तर गुलाबी गाठींचे घोस. पेरताना डीएपी खत दिलं तेवढंच, वरून युरिया नाही, जास्त नत्र दिलं की झाड गाठी धरायचंच कमी करतं.