स्लाइडमधील अ‍ॅनिमेशनचा क्रम बिघडल्यास काय करावे

सादरीकरणातील अ‍ॅनिमेशन बिघडले की ‘सगळे पुसून नव्याने घाला’ किंवा ‘सॉफ्टवेअरच पुन्हा टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. जळगाव-भुसावळच्या महाविद्यालयीन चर्चासत्रांपासून रावेर-यावलच्या केळी उत्पादकांच्या मेळाव्यांपर्यंत अनेकांच्या स्लाइड मी दुरुस्त करून देत आलो आहे. या दोन्ही उपायांची गरज क्वचितच पडते. पुढील सूचना पॉवरपॉइंटसाठी आहेत.

एकही अ‍ॅनिमेशन चालत नसेल, तर ‘स्लाइड शो’ टॅबमधील ‘सेट अप स्लाइड शो’ उघडून ‘शो विदाउट अ‍ॅनिमेशन’समोरची खूण काढावी. अ‍ॅनिमेशन अडखळत असेल, तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ येथे जाऊन स्लाइड शोसाठीचे हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहावे.

खरा घोळ असतो तो क्रमाचा. समजा, एका स्लाइडवर मुनवे (बुंध्यालगत फुटणारे कोंब), निसवण (घड बाहेर पडणे) आणि कापणी अशी केळीच्या तीन टप्प्यांची चित्रे असून प्रत्येक चित्र एका क्लिकने आणि त्याची ओळ त्याच्याबरोबरच यायला हवी आहे. चित्राला ‘ऑन क्लिक’ आणि ओळीला ‘विथ प्रीव्हियस’ दिलेले असते. मग कोणीतरी निसवणीचे जुने चित्र काढून नवे टाकतो. चित्र काढताच त्याचे अ‍ॅनिमेशनही जाते आणि निसवणीची ओळ, जिला ‘आधीच्याबरोबर ये’ एवढेच ठाऊक असते, ती मुनव्यांच्या क्लिकला जाऊन चिकटते. नवे चित्र तर स्लाइड उघडल्यापासूनच दिसत राहते. सादरकर्त्याला वाटते की निसवणीची ओळ बिघडली, म्हणून तो तिच्याच वेळा बदलत बसतो. वास्तविक ओळीत काहीही बिघडलेले नसते, तिच्या आधीचा दुवा निखळलेला असतो.

म्हणून ‘अ‍ॅनिमेशन पेन’, म्हणजे ‘अ‍ॅनिमेशन्स’ टॅबमधून उघडणारी स्लाइडवरील सर्व हालचालींची क्रमवार यादी, उघडल्याशिवाय कशालाही हात लावू नये, असे मी निक्षून सांगतो. त्याआधी ऑल्ट आणि एफ१० दाबून ‘सिलेक्शन पेन’मध्ये प्रत्येक वस्तूला ओळखता येईल असे नाव द्यावे, कारण ‘पिक्चर ७’ आणि ‘पिक्चर ९’ यांच्या यादीत चूक सापडणे कठीण असते. नंतर स्लाइडवरील वस्तूंच्या कडेला दिसणारे आकडे वाचावेत: सारखा आकडा म्हणजे एकच क्लिक, आणि शून्य म्हणजे क्लिकविना आपोआप सुरू होणारी हालचाल. आपल्या उदाहरणात निसवणीच्या ओळीवर २ ऐवजी १ दिसेल आणि दोष तिथेच उघड होईल. नव्या चित्राला ‘ऑन क्लिक’ देऊन यादीत ते त्या ओळीच्या लगेच वर ओढून ठेवावे, म्हणजे ओळ आपोआप त्याच्याशी जोडली जाते. चित्र बदलायचेच असेल, तर ते पुसण्याऐवजी त्यावर उजवे क्लिक करून ‘चेंज पिक्चर’ वापरावे. जागाही टिकते आणि अ‍ॅनिमेशनही.

‘डिले’चे आकडे वाढवून क्रम जुळवण्याचा प्रकार मला मुळीच मान्य नाही. ‘विथ प्रीव्हियस’मध्ये विलंब आधीची हालचाल सुरू झाल्यापासून मोजला जातो, तर ‘आफ्टर प्रीव्हियस’मध्ये ती संपल्यापासून, त्यामुळे वरच्या एकाचा कालावधी बदलला की खालचे सगळे हिशेब कोसळतात. आधी क्रम, मग सुरुवातीचा प्रकार आणि विलंब सर्वांत शेवटी.

अनेक वस्तूंचा गट केला, तर त्यांची स्वतंत्र अ‍ॅनिमेशन जातात, म्हणून गट आधी करावा. स्लाइड आपोआप पुढे सरकत असेल, तर ‘ट्रान्झिशन्स’मधील ‘आफ्टर’ची खूण काढावी.

फाइल ‘पीपीटीएक्स’ स्वरूपातच जतन करावी; ‘पीपीटी’ हे ९७-२००३ चे जुने स्वरूप नवे परिणाम सांभाळत नाही. ‘मॉर्फ’ (एका स्लाइडवरील वस्तू पुढच्या स्लाइडवरील जागी सरकत नेणारा परिणाम) न ओळखणाऱ्या जुन्या आवृत्तीत त्याच्या जागी साधा ‘फेड’ दिसतो. सभागृहातील संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास त्याच संगणकावर एफ५ दाबून सर्व स्लाइड पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात.