अंत्यविधी सेवेसाठी सरकारी कर्ज काढताय? या चुका टाळा

मोक्षधाम, गंगाबाई घाट, अंबाझरी, मानकापूर. नागपुरातल्या घाटांवर तिरडीचं सामान, शीतपेटी, शववाहिका पुरवणारी माणसं रात्री-बेरात्री धावून येतात. बँकेतून मात्र त्यांची फाइल परत येते, आणि बहुतेकदा कारण एकच: कागदांत धंदाच दिसत नाही.

संकोचापोटी अनेक जण उद्यम नोंदणीत, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, ‘जनरल स्टोअर्स’ लिहितात. मग कोटेशन शीतपेटीचं आणि नोंदणी किराण्याची. अधिकारी तिथेच अडतो. अंत्यविधी सेवेला एनआयसी 2008 मध्ये, म्हणजे धंद्यांच्या सरकारी वर्गीकरणात, 96030 हा स्वतंत्र कोड आहे, तोच टाका. हे काम सन्मानाचं आहे, लपवू नका. नोंदणीला पैसे लागत नाहीत.

जीएसटी रिटर्न मागितले की पुष्कळांचे हातपाय गळतात. सीजीएसटी कायदा, 2017 च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अंत्यसंस्कार, दफन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा जीएसटीच्या कक्षेबाहेर आहेत. अर्जासोबत हे लेखी द्या. सामानाच्या विक्रीचा हिशेब मात्र वेगळा ठेवा. तिला ही तरतूद लागू नाही.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते रोखीमुळे. दुःखाच्या घरी पैसे मागवत नाहीत, म्हणून अनेक जण तेरवी झाल्यावरच हिशेब करतात. ही रीत चांगलीच आहे, ती सोडू नका. फक्त त्याच दिवशी पावती फाडा: तारीख, सेवा, ठरलेली रक्कम, बाकी. पैसे येतील ते क्यूआरवर किंवा चालू खात्यात घ्या आणि घरखर्च त्या खात्यातून करू नका. प्रकल्प अहवालात दर महिन्याला सारखीच कमाई दाखवणंही चूक. या धंद्यात तसं होत नाही, हे बँकेलाही कळतं. कमी कामाच्या महिन्यातही हप्ता कसा भराल, ते लिहा.

योजना निवडतानाही घोळ होतो. चालू धंद्यासाठी मुद्रा ही सरकारी कर्ज योजना: शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. तारण लागत नाही. पीएमईजीपीची, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, सबसिडी नव्या उद्योगाला मिळते. आधी गाडी घेऊन मग अर्ज केला तर पंचाईत. सेवा क्षेत्रात त्यात प्रकल्पाची मर्यादा 20 लाख. शहरात, सर्वसाधारण गटात, 8 लाखांच्या प्रकल्पावर स्वतःचे 80 हजार घालावे लागतात आणि सबसिडी 1 लाख 20 हजार. ती रोख हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. त्या भरवशावर उसनवारी करू नका.

‘मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मुद्राने कुठलाही एजंट नेमलेला नाही. पीएमईजीपीची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते, मुद्राचा अर्ज थेट शाखेत किंवा जनसमर्थ या सरकारी कर्ज पोर्टलवर करता येतो. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा, तेवढी त्रुटी दुरुस्त करा आणि पुन्हा द्या.