फादरना भेटायच्या आधीची तयारी: कॅथलिक शिकवण कुठनं सुरू करायची

सहा महिन्यातनं एकदा तरी कोणतरी मला हळूच बाजूला घेऊन विचारतंय, की कॅथलिक शिकवण शिकायची तर पहिलं काय वाचायचं, कुणाला भेटायचं, परीक्षा असते काय. मी उद्यमनगरात लेथवर जॉब काढणारा माणूस, पंडित वगैरे नव्हे, पण शिकताना ज्या चुका केल्या त्या सगळ्या पाठ आहेत, म्हणून ही यादी. ड्रॉइंग न बघता जॉब लावला की मटेरियल वाया जातंय हे मला धंद्यात माहीत होतं, तरी इथं वर्षभर तेच केलं.

तर पहिलं काम म्हणजे आपण कुठल्या चर्चच्या दारात उभे आहोत ते बघून घ्या. हसू नका. कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की जुन्या लोकांना अमेरिकन मिशन आठवतं, वायल्डर मेमोरियल चर्च आठवतं, मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल आठवतं, आणि ही सगळी प्रेस्बिटेरियन म्हणजे प्रोटेस्टंट परंपरा. माणसं चांगली, गाणी तर लय भारी, पण शिकवणीत फरक आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचून मला ख्रिस्ती धर्म कळला असं सांगणारे पण भेटतात, पुस्तक एक नंबर, पण हे टिळक नवराबायको कॅथलिक नव्हते हो. कॅथलिक चर्चच्या हिशोबात कोल्हापूर सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतं, धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग, म्हणजे आपले बिशप सिंधुदुर्गाकडचे. फोन करून मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, किती वाजता आणि कुठल्या भाषेत हे विचारून घ्या, मराठीची आणि इंग्लिशची वेळ वेगळी असू शकते. आणि तुमचा बाप्तिस्मा, म्हणजे स्नानसंस्कार, आधीच प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाण्यानं, पिता पुत्र पवित्र आत्मा म्हणून झालेला असेल तर तो परत करत नाहीत, पण सर्टिफिकेट शोधून ठेवा. आमच्या ओळखीतल्या एकाला ते आज्जीच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली सापडलं.

दुसरं, बायबल, आणि इथं माझा किस्सा. मी पहिलं बायबल घेतलं ते मिळेल ते घेतलं. फादर म्हणाले तोबितचं पुस्तक वाचून ये, छोटं आहे. घरी येऊन अनुक्रमणिका तीनदा बघितली, तोबित नाहीच. दुसऱ्या दिवशी दुकानात परत, म्हटलं पानं कमी आहेत यात. दुकानदार बिचारा माझ्याकडं बघत बसला. पानं बरोबर होती, ते ६६ पुस्तकांचं प्रोटेस्टंट बायबल होतं. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं असतात, जुन्या करारात ४६ आणि नव्या करारात २७, म्हणजे नवा करार दोघांचा सारखाच, फरक तोबित, यहुदीथ, मक्काबी वगैरे जुन्या करारातल्या पुस्तकांचा. घेताना अनुक्रमणिका मोजा, आणि सुरुवातीच्या पानावर चर्चची परवानगी छापलेली आहे का बघा, 'इम्प्रिमातूर' असा शब्द असतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, तेच २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, त्यांचं 'सुबोध बायबल' मराठीत आहे, ज्याला जुनी मिशनरी मराठी जड जाते त्यानं ते बघावं. वाचायला सुरुवात मात्र पहिल्या पानापासनं करू नका, लेवीयच्या पुस्तकात अडकून बसाल. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं सांगितलेली येशूची गोष्ट, घ्या, १६ अध्याय, सगळ्यात छोटं, दोन संध्याकाळी संपतंय. मग लूक, मग प्रेषितांची कृत्ये, कारण ते लूकनंच लिहिलेलं पुढचं पुस्तक आहे, आणि मग मागं उत्पत्ती आणि निर्गम.

तिसरं कॅटेकिझम, म्हणजे चर्चची सगळी शिकवण एका जागी मांडलेलं पुस्तक. मोठा ग्रंथ १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी काढला, त्यात २८६५ परिच्छेद आहेत, आणि मी शहाण्यासारखा पहिल्यापासनं लागलो आणि साठाच्या आसपास दम तोडला. ते संदर्भाला ठेवायचं, कादंबरीसारखं नाही वाचायचं. नवख्याला त्याचाच संक्षेप बरा, २००५ चा, ५९८ प्रश्न आणि त्यांची छोटी उत्तरं. रोज दोन प्रश्न केले तर दहा महिन्यात सगळं होतंय. दोन्हीचे भाग तेच चार आहेत, काय मानतो, सात संस्कार, दहा आज्ञा, आणि प्रार्थना. व्हॅटिकनच्या साइटवर दोन्ही इंग्लिशमध्ये फुकट आहेत, इंग्लिश जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा.

आता वही, आणि यावर मी जरा जास्त बोलणार. दोनशे पानी साधी वही, निम्मी प्रश्नांना आणि निम्मी शब्दांना. प्रश्नांचं सगळे सांगतात, शब्दांचं कोण सांगत नाही. आपल्या अडचणीचं मूळ पुस्तकात नाही हो, आपल्याच मराठीत आहे. आपण ज्या शब्दांनी शिकतो ते शब्द आपल्याकडं आधीच भरलेले आहेत. प्रसाद घ्या. चर्चमध्ये प्रसाद देतात असं कोणतरी सांगतंय, आपल्या डोक्यात अंबाबाईच्या देवळातला प्रसाद, जो येईल त्याला मिळतो आणि नाही म्हणणं उलट वाईट दिसतं. मी पहिल्याच रविवारी लायनीत जाऊन उभा राहिलो, शेजारच्या काकांनी बाही धरून हळूच मागं घेतलं, कानापर्यंत लाल झालो होतो. चर्चची शिकवण अशी की मिस्सामध्ये ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, म्हणून ज्याचा स्नानसंस्कार झाला, जो या विश्वासात आहे आणि मनानं तयार आहे, त्यानंच घ्यायची. अपमान नाही त्यात, तुम्ही जागेवर बसून राहायचं, कोण बघत नाही.

तसंच पूजा. आपण देवाची पण पूजा म्हणतो, खंडेनवमीला मशीनची पण पूजा करतो. चर्च इथं दोन वेगळ्या गोष्टी धरतं, आराधना फक्त देवाची, आणि संतांना आदर, मरियेला सगळ्यात जास्त आदर पण आराधना नाहीच. मेणबत्ती लावणारा माणूस बाहेरनं सारखाच दिसतो म्हणून घोटाळा होतो. नवस आणि नोव्हेना तर कानाला भाऊ-भाऊ वाटतात. नोव्हेना हा लॅटिनमधल्या नऊ या आकड्यावरनं आलेला शब्द, नऊ दिवसांची प्रार्थना, त्यात 'पोरगं पास झालं तर पाच किलो पेढे' असा सौदा नसतो. उपवास म्हटलं की आपल्याला साबुदाण्याची खिचडी दिसते, तिथं राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आणि गुड फ्रायडेला उपवास म्हणजे दिवसात एकदाच पोटभर जेवण, बाकी दोनदा थोडंसं, आणि मांस नाही. उपवासाचा नियम १८ ते ५९ वयाच्यांना, मांस न खाण्याचा १४ वर्षांपासनं पुढं. म्हणजे त्या दिवशी तांबडा-पांढरा बंद, आणि कोल्हापूरकराला खरी परीक्षा तीच, बाकीचं शिकणं सोपं. आणि अवतार, हा शब्द सगळ्यात अवघड. येशू म्हणजे देवाचा अवतार असं सांगितलं की आपण लगेच मान डोलावतो, आपल्याला दशावतार माहीतच आहेत. पण अवतार पुन्हा पुन्हा येतात, आणि चर्च सांगतं हे एकदाच झालं, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, एकच व्यक्ती, ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेत हे शब्दात बांधलं गेलं. मला हे कळायला आठ महिने लागले आणि कळलं असं म्हणायची अजून घाई नाही. तर असा प्रत्येक शब्द वहीत लिहायचा, डाव्या बाजूला आपला अर्थ, उजव्या बाजूला चर्चचा, आणि उजवी बाजू रिकामी असेल ती फादरकडनं भरून घ्यायची.

मोबाइल. हा तयारीतनं वगळायचा आयटम आहे. रात्री बारानंतर यूट्यूबवर अमेरिकेतले कॅथलिक लॅटिन मिस्सावरनं एकमेकांशी भांडत असतात ते बघून मला पहिल्या दोन महिन्यात वाटायला लागलं की मी चुकीच्या बाजूला उभा आहे, आणि बाजू कसली हे पण कळत नव्हतं. पोपची शिकवण चुकू शकत नाही असं चर्च म्हणतं, त्याचा अर्थ पोप काहीही बोलला तरी खरं असं नाही, १८७० साली चर्चनं केलेल्या त्याच्या व्याख्येत कडक अटी आहेत, पण हे त्या व्हिडिओत कोण सांगत नाही.

कॅलेंडर घ्या एक, चर्चचं. वर्ष डिसेंबरच्या आसपास आगमनकाळानं, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या दिवसांनी, सुरू होतं, जानेवारीत नाही. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात असतात, एका वर्षी मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक, योहान मधेमधे आणि ईस्टरच्या काळात. शनिवारी रात्री उद्याचं वाचन घरी वाचून गेलात तर फादरचं प्रवचन दुप्पट कळतंय, यापेक्षा स्वस्त क्लास नाही. मोठ्या माणसांचा स्नानसंस्कार साधारण ईस्टरच्या आदल्या रात्री होतो, म्हणून मागं मोजत या. किती महिने शिकायचं ते फादर ठरवतात, वर्षभर धरून चाला. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते कारण ती २१ मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार अशी धरतात, त्यामुळं बऱ्याचदा ती जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आगंमागं येते. गावातली निम्मी पोरं गुलालात आणि तुम्ही रात्री मेणबत्ती धरून उभे, त्याची पण मनाची तयारी ठेवा.

त्यावरनं घरचं. आईला शेवटी सांगू असं ठरवू नका, आईला ते आधीच कळलेलं असतं. माझ्या आईनं एकच विचारलं, 'मग अंबाबाईचं काय?' मला उत्तर आलं नाही, वहीत लिहिलं. फादरनी गोड बोलून टाळलं नाही. १९६५ च्या एका दस्तऐवजात चर्चनं हिंदू धर्माचं नाव घेऊन सांगितलंय की या धर्मांमध्ये जे खरं आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, पण दुसरा देव मानू नको ही पहिली आज्ञा पण खरी आहे, दोन्हीकडं आराधना करता येणार नाही, निवडावं लागतं. आणि कुणावर जबरदस्ती करून कॅथलिक करणं चर्चच्या स्वतःच्या कायद्यातच बंद आहे, हेही त्यांनी आईसमोर बसून सांगितलं. आईनं चहा दिला, पटलं असं म्हणाली नाही. त्यामुळं तुमच्यावर कोण घाई करत असेल, लग्न ठरलंय म्हणून, नाहीतर आणि कशापायी, तर तिथंच थांबा आणि फादरना तसं स्पष्ट सांगा.

एक सोबती लागतो, गॉडफादर किंवा गॉडमदर म्हणतात तो. पुस्तकं पाठ असलेला नको, दर रविवारी येणारा बघा. माझ्या नशिबात ते बाही धरणारे काकाच आले.

बाकी पहिल्या रविवारी सोबत काय न्यायचं तर वही, पेन, दानपेटीत टाकायला सुट्टे पैसे, आणि दहा मिनिटं आधीचा वेळ. मागनं तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा म्हणजे कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते पुढच्यांचं बघून करता येतं. आणि पायताणाचं आधी बघून घ्या, कुठल्या चर्चमध्ये बाहेर काढतात, कुठं घालूनच आत जातात. मी सवयीनं पायरीवर काढून आत गेलो, तासाभरानं बाहेर आलो तर अख्ख्या पायरीवर एकच जोड, कोल्हापुरी, माझा.